शंभर ग्रॅम सरकी

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना एका वळणावर आमची गाडी नेहमी थांबते. कारण दर वेळी वेगळं सांगितलं जातं. कधी पोरांना मळमळतंय, कधी इंजिन तापलंय. खरं कारण एवढंच, की तिथून मागं वळून पाहिलं की वऱ्हाड दिसतं. अचलपूर, अंजनगाव, पार अकोटच्या बाजूपर्यंत पसरलेलं काळ्या मातीचं सपाट मैदान. त्यात संत्र्याच्या बागा, तूर, आता सोयाबीनही. आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. एवढ्या उंचीवरून पऱ्हाटी ओळखू येत नाही, पण आमच्या घरातल्या प्रत्येकाला ती कुठं आहे ते ठाऊक असतं.

वर पोचलो की चहाऐवजी कॉफी प्यायची, हा दुसरा रिवाज. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंच. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती इथंच. इंग्रजांच्या काळात आलेली ही झाडं मोठ्या झाडांच्या सावलीत अजून उभी आहेत. त्यांना लाल फळं येतात, थोडीफार कॉफी विकली जाते, पर्यटक कौतुकानं पुडी घेतात. कॉफीवरचं संशोधन मात्र इथून हजार किलोमीटरहून दूर, चिकमगळूर जिल्ह्यातल्या बाळेहोन्नूरला चालतं. ते केंद्र १९२५ पासूनचं. झाड सातपुड्यात आलं आणि त्याच्याविषयीचं ज्ञान पश्चिम घाटातच राहिलं.

खालच्या मैदानातल्या पऱ्हाटीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या आजच्या सरकीत जो जनुक आहे, तो अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या एका कंपनीनं कपाशीत बसवला, जालन्यात तो देशी संकरित वाणांत उतरवला गेला, आणि त्याची खरी परीक्षा इथल्या कोरडवाहू वावरात झाली. हे पुस्तक ज्या विषयावर आहे, तो मला या घाटाच्या वळणावर जितका स्पष्ट दिसतो तितका कुठल्याही सभागृहात दिसलेला नाही. कंपनी एका देशातली आणि तिचं संशोधन दुसऱ्या देशात, असं जेव्हा होतं, तेव्हा ते कुठं ठेवायचं, कुणाच्या हाती द्यायचं, किती मोकळीक द्यायची आणि शिकलेलं कुणाच्या पदरात पडायचं, याचे निर्णय कंपन्या कशा घेतात? वरवर पाहता ही संचालक मंडळाची खासगी बाब. माझं म्हणणं असं, की या निर्णयाचा आकार शेवटी शेतकऱ्याच्या हातातल्या बियाण्याच्या पाकिटाला येतो. ही प्रस्तावना म्हणजे एवढं एकच म्हणणं समजावून सांगण्याचा प्रयत्न आहे.

ती लिहिण्याचा माझा अधिकार दोन टोकांचा आहे. बाप कपाशीवाला, आणि नोकरीची काही वर्षं मी पुण्यात एका परदेशी कंपनीच्या संशोधन केंद्रात काढली. त्या केंद्रात आमचं एक वाक्य ठरलेलं होतं: ‘रोडमॅप तिकडचा, काम इकडचं.’ रात्री साडेनऊचा कॉल संपला की कुणीतरी ते म्हणायचं, आणि बाकीचे हसून लॅपटॉप मिटायचे. तेव्हा तो विनोद वाटायचा. हे पुस्तक वाचल्यावर कळलं, की त्या विनोदावर चाळीस-पन्नास वर्षं अभ्यास चालू आहे.

आधी जुना समज पाहू. कंपनीनं कारखाने कुठंही काढावेत, विक्री कुठंही करावी, पण संशोधन घरीच ठेवावं, असं बराच काळ मानलं जाई. त्याला कारणंही होती. गुपित फुटण्याची भीती. चार हुशार माणसं एका छताखाली असली की जे सुचतं ते पत्रव्यवहारानं सुचत नाही. आणि पैशाची गाठ सोडणारा साहेब जवळ असला तर प्रकल्प वाचतो. रेमंड व्हर्नन या अर्थशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये मांडलेलं उत्पादनाच्या जीवनचक्राचं प्रसिद्ध सूत्र याच समजावर उभं होतं. नवी वस्तू श्रीमंत देशात जन्मते, तिथं तिची बाजारपेठ तयार होते, आणि ती जुनी झाली की तिचं उत्पादन स्वस्त देशांकडे सरकतं. शोध मात्र माहेरीच लागतो. १९९१ मध्ये परिमल पटेल आणि कीथ पॅविट यांनी मोठ्या कंपन्यांची पेटंटं तपासली, तेव्हा जागतिकीकरणाचा एवढा गाजावाजा चालू असतानाही संशोधन बहुतांशी मायदेशातच राहिल्याचं त्यांना आढळलं.

तरीही कंपन्या बाहेर पडल्या. का पडल्या, याचं सर्वांत सोपं उत्तर वॉल्टर कुमर्ले यांनी १९९७ मध्ये दिलं. त्यांच्या मते परदेशातली संशोधन केंद्रं दोन जातींची असतात. एक, घरचं बाहेर नेणारी. घरी लागलेला शोध परक्या मुलखाच्या हवा-पाण्याला, कायद्याला, खिशाला जुळवून घ्यायचा. असं केंद्र कारखान्याजवळ, गिऱ्हाइकाजवळ असतं. दुसरी, बाहेरचं घरी नेणारी. त्या मुलखात जे ज्ञान आहे, विद्यापीठं आहेत, माणसं आहेत, कधी वनस्पतीही आहेत, ते टिपायचं आणि मूळ कंपनीची झोळी भरायची. ज्ञानाचा ओघ कुठल्या दिशेनं वाहतो, यावर सगळं अवलंबून.

त्याआधी वीस वर्षं, १९७७ मध्ये, रॉबर्ट रॉन्स्टॅट यांनी आणखी एक गोष्ट हेरली होती. अशी केंद्रं बहुधा ठरवून जन्मत नाहीत, वाढत जातात. आधी परदेशी कारखान्याला तांत्रिक मदत करणारे चार इंजिनिअर असतात. मग ते स्थानिक बाजारासाठी बदल करू लागतात. त्यातले काही पुढं जगभरासाठी काम करणारं केंद्र होतात. पुण्यात याची उदाहरणं डोळ्यांसमोर आहेत. कमिन्स ही अमेरिकी कंपनी १९६२ पासून किर्लोस्करांच्या भागीदारीत कोथरूडला इंजिनं बनवत होती. संशोधनासाठी तिनं पुण्यात वेगळी कंपनी काढली ती २००३ मध्ये. मधली चाळीस वर्षं म्हणजे रॉन्स्टॅटच्या पायऱ्या.

तिसरी मांडणी गॅसमन आणि फॉन झेडविट्झ यांची, १९९९ ची. ते पाच रचना सांगतात. सगळं घरी आणि दारं बंद. सगळं घरी पण खिडक्या उघड्या. प्रत्येक देशात ज्याचं त्याचं स्वतंत्र बिऱ्हाड. मधोमध मुख्य केंद्र आणि त्याच्या आज्ञेतली शाखाकेंद्रं. आणि शेवटी, ज्यात कुणी मुख्य नाही असं बरोबरीच्या केंद्रांचं जाळं. पुस्तकाच्या पहिल्या भागात या पाचांचा सविस्तर ऊहापोह आहे. वाचकानं तो वाचताना एक लक्षात ठेवावं: कंपनीच्या वार्षिक अहवालात प्रत्येक केंद्र पाचव्या प्रकारचं असतं. आत काम करणाऱ्याला विचारलं तर बहुतेक वेळा चौथ्या प्रकारचं निघतं.

आता हे सगळं आपल्याकडं कसं घडलं ते पाहू.

पहिला मुक्काम मुंबई. गोरेगावला स्विस कंपनी सीबाचं संशोधन केंद्र १९६३ मध्ये उघडलं. उद्घाटनाला पंतप्रधान नेहरू होते. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले रसायनशास्त्रज्ञ टी. आर. गोविंदाचारी त्याचे संचालक झाले. १९७२ मध्ये जर्मन कंपनी हेक्स्टनं मुलुंडला केंद्र काढलं. अंधेरीला हिंदुस्थान लीव्हरची प्रयोगशाळा होती. या तिन्ही ठिकाणी मराठी रसायनशास्त्रज्ञांच्या दोन पिढ्या घडल्या, आणि तिन्हींचे प्रश्न वेगवेगळे होते. त्यांतले दोन पाहू.

लीव्हरचा प्रश्न इथल्या टंचाईतून आला होता. साबणाला तेल लागतं, आणि खायचं तेलच देशात कमी. म्हणून खाण्याखेरीजची, जंगलातल्या झाडांच्या बियांची तेलं साबणात कशी वापरता येतील, यावर अंधेरीत काम झालं. घरचं ज्ञान परमुलखाला जुळवून घेण्याचा हा चोख नमुना. पण जुळवता जुळवता नवंच काहीतरी हाती लागतं, हेही त्यातून दिसलं.

मुलुंडचा ओघ उलटा होता. हेक्स्टच्या तिथल्या शास्त्रज्ञांनी भारतीय औषधी वनस्पती एकामागून एक तपासल्या. त्यात कोलियस नावाची एक वनस्पती होती. गुजरातेत तिच्या मुळांचं लोणचं घालतात. त्या मुळांतून सत्तरच्या दशकात फोर्स्कोलिन हे द्रव्य वेगळं केलं गेलं. पेशीच्या आत निरोप पोचवणारी जी रासायनिक यंत्रणा असते, ती थेट चालू करणारं हे द्रव्य पुढं जगभरच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत रोजच्या वापराचं साधन बनलं. लोणच्याच्या बरणीतून प्रयोगशाळेच्या कपाटात, असा त्याचा प्रवास. याच केंद्रातल्या वनस्पतींच्या कामातून फ्लेवोपिरिडॉल हे कर्करोगावरचं प्रायोगिक औषधही निघालं.

मग या केंद्रांचं काय झालं? १९७० च्या पेटंट कायद्यानं औषधाच्या रेणूवरचं पेटंट बंद केलं. फक्त बनवण्याच्या रीतीवर पेटंट मिळू लागलं. त्यामुळं देशी औषध कंपन्या उभ्या राहिल्या, स्वस्त औषधं मिळाली, हे खरं. परदेशी कंपनीला मात्र नवा रेणू भारतात शोधण्याचं एक मोठं कारण उरलं नाही, हेही तितकंच खरं. रेणूचं पेटंट परत आलं ते १ जानेवारी २००५ ला. तोवर सीबा आणि सँडोझ मिळून १९९६ मध्ये नोव्हार्टिस झाली होती, आणि हेक्स्टचं मुलुंडचं केंद्र १९९८ मध्ये निकोलस पिरामलनं विकत घेतलं होतं. मूळ कंपन्यांची लग्नं युरोपात लागली आणि घरं इथली बदलली. परदेशी केंद्राचं आयुष्य किती असावं, हे त्यातल्या कामावर ठरत नाही, हा धडा पुस्तकातल्या बहुतेक प्रकरणांत पुन्हा भेटेल. मुलुंडचं एक समाधान एवढंच, की भिंतींबरोबर माणसं आणि त्यांचं शिक्षण इथंच राहिलं. एका देशी कंपनीचं औषधसंशोधन त्यावर उभं राहिलं.

दुसरा मुक्काम आमचा, वऱ्हाडचा. इथं जरा थांबावं लागेल.

सेंट लुईसचा जनुक आला, ती परक्या भांडवलानं वऱ्हाडच्या कापसाला प्रश्न विचारायची पहिली वेळ नव्हती. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस तुटला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर इकडं वळली. लिव्हरपूलच्या बाजारात इथल्या मालाला उमरावती, म्हणजे आजच्या अमरावतीवरून ‘ऊमरा’ असं नाव पडलं. सरकारनं कापसासाठी खास कमिशनर नेमला, १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला येऊन रेल्वेचा फाटा उघडून गेला. शेतीतले प्रयोगही झाले, पण त्यांच्यामागचा प्रश्न मँचेस्टरच्या चात्यांचा होता: धागा लांब कसा होईल? इथल्या शेतकऱ्याचा प्रश्न वेगळा होता: पाऊस दगा देईल त्या वर्षी झाड तगेल का? आखूड धाग्याचा देशी कापूस या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होता. पहिल्या प्रश्नाच्या हिशेबी तो ‘हलका’ माल ठरला.

पुढची सव्वाशे वर्षं ओलांडून मी थेट १९९५ ला येतो. त्या वर्षी जालन्याच्या महिकोला केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानं अमेरिकेहून शंभर ग्रॅम सरकी आणायची परवानगी दिली. महिको म्हणजे बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये काढलेली बियाणं कंपनी. पुढं १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. ती शंभर ग्रॅम सरकी कोकर ३१२ या अमेरिकी वाणाची होती. तिच्यात सेंट लुईसच्या मोन्सॅन्टोनं मातीतल्या एका जिवाणूचा जनुक बसवला होता. त्या जनुकामुळं झाड स्वतःच एक प्रथिन तयार करतं आणि ते खाल्लं की बोंडअळी मरते. कोकर वाण आपल्याकडं लावायच्या कामाचं नव्हतं. म्हणून जालन्यात त्याचा इथल्या वाणांशी पिढ्यान्‌पिढ्या संकर करत तो एक जनुक देशी घरात आणला गेला. १९९८ मध्ये मोन्सॅन्टोनं महिकोत २६ टक्के वाटा घेतला, दोघांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत महिको मोन्सॅन्टो बायोटेक काढली, आणि २६ मार्च २००२ ला पहिल्या तीन बीटी, म्हणजे हा जनुक असलेल्या, संकरित वाणांना परवानगी मिळाली.

कुमर्लेच्या भाषेत, घरचं बाहेर नेणारी ही रचना. गॅसमन-झेडविट्झच्या भाषेत चौथी: मुख्य केंद्र सेंट लुईसला, आज्ञेतलं काम जालन्याला. जनुकाची मालकी तिकडं, जुळवणुकीचं काम इकडं, आणि त्यानंतर चाळीसहून अधिक देशी बियाणं कंपन्यांना परवाना. दर पाकिटामागं जनुकाची फी. व्यवहार म्हणून रचना अतिशय हुशार होती. परदेशी कंपनीला शेत नको, गोदाम नको, दुकान नको. जनुक एकदा दिला की पाकीटागणिक पैसे.

पण या रचनेला एक अट आपोआप चिकटली. पाकीटागणिक फी वसूल व्हायची तर शेतकऱ्यानं दर वर्षी पाकीट विकत घेतलं पाहिजे. ते संकरित बियाण्यातच होतं. कारण संकरिताची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर पीक एकसारखं येत नाही. अमेरिका, चीन, ऑस्ट्रेलिया या देशांत बीटी जनुक मुख्यतः सरळ वाणांत, म्हणजे ज्यांची सरकी पुन्हा पेरली तरी पीक तसंच येतं अशा वाणांत होता. भारतात तो संकरितांत आला आणि संकरितांतच राहिला. इथं संकरित कपाशी आधीपासून रुजलेली होती, हे मान्य. आमच्याच अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पीकेव्ही हायब्रिड-२ ऐंशीच्या दशकात घरोघरी पोचली होती. तरीही पुढं हजाराहून अधिक बीटी संकरित वाणांना मान्यता मिळते आणि देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस त्याखाली जातो, याला केवळ सवय म्हणता येणार नाही. परवान्याच्या रचनेनं बियाण्याचा प्रकार ठरवला.

त्याचे परिणाम वावरात काय झाले, ते दोन गोष्टींत जवळून दाखवतो.

पहिली गोष्ट बोंडाच्या आतली. संकरिताच्या दोन पालकांपैकी बहुधा एकातच जनुक असतो. त्यामुळं झाड विषारी असतं, पण त्याच्या बोंडात जी सरकी धरते ती पुढची पिढी असते. मेंडेलच्या हिशेबानं, एकच जनुक असेल तर चारातली एक सरकी जनुकाविना निघते. गुलाबी बोंडअळी पानं खात नाही. ती बोंडात शिरून सरकीच खाते. म्हणजे एकाच बोंडात तिच्या ताटात विषारी घास आणि बिनविषारी घास शेजारी-शेजारी. थोडं विष पचवून जगलेल्या अळ्यांची पिढी वाढायला याहून सोयीची जागा नाही. त्यात आपली संकरितं लांब मुदतीची, ओलिताची सोय असली की फरदड, म्हणजे वेचणीनंतर त्याच झाडांचा पुढचा बहर, घ्यायची सवय, म्हणजे अळीला जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत घर. २०१० मध्ये मोन्सॅन्टोनं गुजरातच्या काही जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला दाद देत नसल्याचं मान्य केलं. दोन जनुकांचं बीजी-२ हे बियाणं २००६ लाच आलं होतं. तेही पुढं हरलं. २०१७ च्या हंगामात विदर्भात डोमकळ्या, म्हणजे अळी लागून नीट न उमलणारी फुलं, दिसू लागल्या, तेव्हा जुनी माणसं एकमेकांची तोंडं पाहत राहिली. ही अळी तर गेली होती ना?

त्याच अळीची अमेरिकेतली गोष्ट सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही. तिथं सरळ वाणांत तोच बीटी जनुक, जोडीला नपुंसक केलेले पतंग सोडणं, कामगंध सापळे, हंगाम संपताच पऱ्हाट्या गाडणं, आणि हे सगळं शेतकरी, राज्यं आणि केंद्र यांनी मिळून केलेलं. २०१८ मध्ये अमेरिकी कृषिखात्यानं तिथल्या कापूसपट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. जनुक तोच, अळीही तीच. तिकडं जनुक एका व्यवस्थेचा भाग होता. आपल्याकडं पाकीट आलं, व्यवस्था आली नाही.

दुसरी गोष्ट त्या पाकिटातली. सुरुवातीपासून बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची एक बारकी पुडी यायची. तिच्यात बिगरबीटी सरकी. शास्त्र असं, की वावराच्या कडेनं पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र बिगरबीटीचं ठेवायचं. तिथं साध्या अळ्या वाढतात, त्यांचे पतंग विष पचवलेल्या पतंगांशी जुगतात, आणि प्रतिकार पसरायला वेळ लागतो. शास्त्र बरोबर होतं. पण आमच्या घरात मी स्वतः ते पाहिलंय. माझ्या चुलत्यानं पुडी हातात घेतली, उलटी केली, पुन्हा पाहिली आणि म्हणाला, ‘पैसे म्या देले, अन् अळीले जेवाले बी मीच बलावू काय?’ पुडी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर गेली. त्या वर्षी आमच्या शिवारात अशा पुड्या धुऱ्याधुऱ्यावर पडलेल्या होत्या. दोन-चार एकरांच्या वावरात वीस टक्के म्हणजे पोरीच्या शाळेचा खर्च. ज्या देशात शेत शेकडो एकरांचं असतं, त्या देशातली कल्पना पुडीत बांधून इकडं आला होता.

हा दोष एकट्या परदेशी कंपनीच्या माथी मारणं सोपं आहे, पण खरं नाही. आपल्या सार्वजनिक संस्थांनी पर्याय द्यायला हवा होता. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या पुढाकारानं बिकानेरी नर्मा या सरळ वाणाचं बीटी रूप आलं, त्याला २००८ मध्ये मान्यता मिळाली, शेतकऱ्याला बी घरचं ठेवता येणार होतं. पण त्यात मोन्सॅन्टोच्याच जनुकाची भेसळ सापडली आणि ते मागं घ्यावं लागलं. आपल्या प्रश्नाचं आपलं उत्तर द्यायची ती संधी आपणच घालवली. सरकारचंही तसंच. २०१५ च्या अखेरीस कपाशीच्या बियाण्यावर किंमत नियंत्रण आलं, २०१६ मध्ये जनुकाची फी पाकिटामागं ४९ रुपयांवर आणली गेली, पुढं ती शून्यही झाली. शेतकऱ्याला पाकीट स्वस्त मिळालं, ते हवंच होतं. पण २०१६ मध्येच तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या कपाशीचा परवानगीसाठीचा अर्ज महिकोनं मागं घेतला. आणि तरी ती कपाशी इथं आलीच! मान्यतेशिवाय, बिलाशिवाय, हमीशिवाय. आमच्याकडं तिला ‘चोर बीटी’ म्हणतात. १० जून २०१९ ला अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या झेंड्याखाली हजारावर शेतकरी जमले आणि त्यांनी हे बी उघडपणे पेरून सत्याग्रह केला. त्यांची मागणी तंत्रज्ञान निवडायच्या स्वातंत्र्याची होती. तिच्याशी कुणी सहमत असो वा नसो, अकोली जहांगीरच्या शिवारात एक गोष्ट सिद्ध झाली: संशोधनाची अधिकृत वाट बंद झाली की बी आडवाटेनं येतं, आणि आडवाटेनं आलेल्या बियाण्याला जबाबदार कुणीच नसतं.

तिसरा मुक्काम परदेशात, कारण आता ओघ दोन्हीकडून आहे. टाटा मोटर्सनं २००५ मध्ये इंग्लंडात वॉरिक विद्यापीठाच्या आवारात तंत्रकेंद्र काढलं. महिंद्रनं मिशिगनमध्ये. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं २०१२ मध्ये नेदरलँड्समधली बिल्थोव्हेनची लस कंपनी घेतली. मुंबईच्या ग्लेनमार्कनं स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फों या घड्याळांच्या गावी जैविक औषधांचं केंद्र उभारलं. तिच्या गटातल्या नव्या औषधांच्या कंपनीनं २०२५ मध्ये रक्ताच्या एका कर्करोगावरच्या प्रायोगिक औषधाचे हक्क अमेरिकी ॲबव्हीला दिले, आणि नुसती सुरुवातीची रक्कमच ७० कोटी डॉलरची होती. कुमर्लेची दुसरी जात ती हीच, बाहेरचं ज्ञान घरी आणणारी. आता मुख्य केंद्र आपलं आणि शाखा परक्या मुलखात असेल, तर आपले साहेब कसे वागतात? स्विस शास्त्रज्ञाला मुंबईचा रोडमॅप रात्री साडेनऊला ऐकावा लागतो का? पुस्तकातली ही प्रकरणं मला सर्वांत रंजक वाटली, कारण आरसा आपल्याकडं फिरवलेला आहे.

आता वाचकाला दोन शब्द. हे पुस्तक व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांसाठी आहेच. पण अमरावती-अकोल्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून पुण्याच्या हिंजवडी-मगरपट्ट्यात जाणाऱ्या पोरापोरींनीही ते वाचावं. परदेशी कंपनीच्या केंद्रात नोकरी लागली की आईबाप पेढे वाटतात, ते योग्यच. नोकरी स्वीकारण्याआधी मात्र तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. इथं सोडवायचा प्रश्न कोण ठरवतं? प्रकल्प बंद करायचा अधिकार कुणाला? आणि उद्या केंद्र गुंडाळलं, तर इथं शिकलेलं कुणाजवळ राहील? या तीन उत्तरांवरून त्या केंद्राची जात कळते. कृषी विद्यापीठांत, सरकारी खात्यांत, बियाणं कंपन्यांत बसलेल्यांनीही हेच तीन प्रश्न करार करताना विचारावेत. १९९५ मध्ये ते कुणी पुरेसे विचारले नाहीत.

परकी प्रयोगशाळा नकोच, असं हे पुस्तक म्हणत नाही, मीही म्हणत नाही. मुलुंडच्या माणसांनी लोणच्याच्या मुळातून जे काढलं ते परक्या पैशावरच काढलं. फरक इतकाच होता की झाड इथलं होतं, ते हाताळणारी माणसं इथली होती, आणि काय शोधायचं हे ठरवताना त्यांना विचारलं जात होतं. बीटीच्या वेळी वऱ्हाडच्या शेतकऱ्याला पाकीट मिळालं, विचारणा झाली नाही.

ती १२० ग्रॅमची बारकी पुडी आता वेगळी येत नाही. २०२० पासून बिगरबीटी सरकी मोठ्या पाकिटातच मिसळून देतात. पाकीट ४७५ ग्रॅमचं झालं. शेतकरी पुडी फेकतो तर पुडीच ठेवू नका, एवढं साधं ते उत्तर. ते सापडायला अठरा वर्षं लागली. चुलत्याच्या धुऱ्यावर ते पहिल्याच हंगामात पडलेलं होतं.